आईची तक्रार घेऊन आलेली पोरगी

"मॅडम, तक्रार आहे."

"सांग."

"माझ्या आईची."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. दारात सरिता उभी होती. आठवीतली पोरगी. दोन घट्ट वेण्या, हात मागे बांधलेले, नजर माझ्या डोक्याच्या वर भिंतीवर. रविवार होता, पालक भेटीला आलेले. तिची आई गेटजवळच्या लिंबाखाली बसली होती, मला खिडकीतून दिसत होती. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"काय केलं तुह्या आईनं?"

"ती गोरबोलीत बोलली. मी तिला सांगितलं, मराठीत बोल. तरी बोलली. आणि तिने शेंगदाण्याचे लाडू आणलेत. बाहेरचं खाणं आणायला मनाई आहे."

"मग आता काय करू मी तिचं? फाशी देऊ?"

मी थट्टा केली होती. पोरीच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. पाढा म्हणावा तशी म्हणाली, "पुढच्या रविवारची भेट बंद करायची."

मला त्या हॉस्टेलवर येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

मी वॉर्डन. सरकारी भाषेत गृहपाल. लोकांना वाटतं वॉर्डन म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि वटारलेले डोळे. खरं काम वेगळंच असतं. कोणाला ताप आहे, कोणाच्या डोक्यात उवा झाल्या, कोणी कालपासून नीट जेवली नाही, कोणाला घरची आठवण येऊन राह्यली, हे न विचारता ओळखणं म्हणजे वॉर्डनगिरी. उमरखेडला मी कितीतरी वर्षं हेच केलं. तिथल्या पोरी अशा भांडायच्या की माझं डोकं उठायचं. मग पांढरकवड्याच्या बाजूला एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मला जागा मिळाली. पाचवी ते दहावीच्या मुली. बऱ्याच तांड्यांवरच्या, म्हणजे बंजारा वस्त्यांवरच्या. काही कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, काही आसपासच्या शेतकऱ्यांच्या. तांड्यावरच्या पोरी घरी गोरबोली बोलतात, बाहेर मराठी. दोन भाषा म्हणजे दोन खिसे, असं मी आपली समजत होते.

पहिल्या दिवशी गेले तर हॉस्टेल इतकं चुपचाप की मला वाटलं सुट्टी लागली. आत पोरी ओळीत उभ्या होत्या. मेसमध्ये भिंतीवर आधीच्या वॉर्डनचा मोठा फोटो, रेशमी साडी, एक हात आशीर्वादाला उचललेला. जेवणाआधी सगळ्या पोरी फोटोकडे तोंड करून एका सुरात म्हणाल्या, "बाईसाहेबांनी दिलं, बाईसाहेबांनी शिकवलं, बाईसाहेब सर्व पाहतात." मग खाली बसल्या आणि चमच्याचाही आवाज न करता जेवल्या.

संस्थेचे सेक्रेटरी साहेब माझ्यासोबत होते. त्यांची छाती फुगली. "पाहा मॅडम. याले म्हणतात डिसिप्लिन."

पोरी जेवताना बोलत नसतील तर त्या जेवत नसतात, नुसतं अन्न आत टाकत असतात.

हळूहळू बाकीचं कळलं. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर 'सत्यवेळ' असायची. पोरींनी रांगेत उभं राहून एकेकीनं बाईसाहेबांच्या कानात खरं सांगायचं. खरं म्हणजे दुसरीचं. कोण अंघोळ न करता शाळेत गेली, कोणी भाजी टाकली, कोण कोणाशी गोरबोलीत बोललं. जी सर्वात जास्त खरं सांगेल तिला 'विश्वासू' असा बिल्ला आणि रविवारी खीर. सुट्टीवरून परत आलं की घरची सत्यवेळ. घरी काय वाईट पाहिलं ते सांगा. बाप काय प्यायला, आई काय बोलली, आजीनं कोणत्या देवाला काय कबूल केलं. आणि जिला घरात काहीच वाईट दिसलं नाही ती खोटारडी. मग काय, पोरी शोधायच्या. शोधलं की कोणत्याही घरात वाईट सापडतं, माझ्या घरात तर दारातच सापडेल.

सरिताला तो बिल्ला सहावीपासून होता.

परदेशातल्या हुकूमशहांबद्दल मी पेपरात वाचायची. तिथं शाळेत पोरांना शिकवतात की देशाचा बाप तोच खरा बाप, आणि घरी आईबाप काय कुजबुजतात ते येऊन सांगा. मला वाटायचं त्याला फौजफाटा लागत असेल, तुरुंग लागत असतील. इथं एक फोटो, एक घोषणा आणि वाटीभर खीर पुरली होती. मार तर कोणीच खाल्ला नव्हता. बाईसाहेबांनी कधी कोणाला बोट लावलं नाही, हे सगळ्या पोरी अभिमानानं सांगायच्या.

तर त्या रविवारी सरिताला म्हटलं, "बरं, पाहते मी," आणि बाहेर लिंबाखाली गेले.

सरिताची आई, जमनाबाई, उठून उभी राहिली. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात कडी. चाळिशीच्या आतलीच असेल, पण उन्हानं रापलेली.

"भेट बंद केली काय मॅडम?"

"कोणी सांगतलं?"

"मागं एकदा झालती ना. पोरीनंच सांगतलं व्हतं तवा. आतमंदी गेली तवाच मले समजलं."

मी तिच्याजवळ पारावर बसले. फडकं सोडायला लावलं आणि एक लाडू तिथंच खाल्ला. लाडू झकास होता, आणि मी तो मुद्दाम खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

"पोरगी हुशार हाये," जमनाबाई म्हणाली, "मले मालूम हाये. पर घरी येते तं पावण्यासारखी खाटीवर बसते. पानी देलं तं आंधी गिलास पाह्यते. माह्यासंगं मराठीत बोलते, जसं म्या कोनी दुसऱ्याची बाई हावो. आता होळीले घेऊन जातो. मंग पाठवत नाई."

"आठवीतून काढता? तुमच्याकडं शाळा कितवीपर्यंत हाय?"

"चवथीपर्यंत."

"मग?"

"मंग माह्यासंगं वावरात येईन. अडानी राहीन. पर माही राहीन."

अशा पोरीचं पुढं काय होतं ते मी उमरखेडला पुष्कळदा पाहिलंय. वर्षभर वावर, मग एक स्थळ, मग दोन वर्षांनी बसस्टँडवर कडेवर लेकरू घेऊन भेटते आणि हसून म्हणते, ओळखलं का मॅडम. मला सरिता तशी भेटायला नको होती. आणि जमनाबाईचंही काही चूक नव्हतं. होळीला महिनाभर होता. मी म्हटलं, "तेवढा टाइम द्या मले." ती मान हलवून गेली. लाडवांचं फडकं माझ्याकडे देऊन गेली. सरिता गेटपर्यंतसुद्धा आली नाही.

मी कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूलवर चढून फोटो काढला आणि स्टोअररूममध्ये ठेवला. भिंतीवर पांढरा चौकोन उरला. दुपारी पोरी आल्या आणि त्या चौकोनाकडे तोंड करून घोषणा म्हणून जेवायला बसल्या.

दोन-चार दिवसांनी सरिता आणि आणखी दोघी ऑफिसात आल्या.

"मॅडम, तुमचा फोटो कधी लावायचा?"

"माहा कायले?"

"मग कोणाकडे पाहून म्हणायचं?"

"काहीच म्हणायचं नाही. जेवायचं."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना माझी दया आली असावी. सरिता हळूच म्हणाली, "आम्ही बसवलंय मॅडम. मॅडमनी दिलं, मॅडमनी शिकवलं, मॅडम सर्व पाहतात." चालीत बसत होतं, तेवढं मान्य करावं लागेल. पोरी निघून गेल्यावर मी दार लावून घेतलं. इतकी भीती मला त्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

मग सत्यवेळ बंद केली. परिपाठात सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून कोणीही कोणाचं काही सांगायला यायचं नाही. ताप आला, पोट दुखलं तर या. संध्याकाळी माझ्या खोलीबाहेर पाहते तर रांग. ओरडून हाकलली. दुसऱ्या दिवशी सरिता एकटी आली. "मॅडम, काल रांगेत ज्या आल्या नव्हत्या, त्यांची नावं सांगू का?" त्यांना वाटत होतं मी परीक्षा घेऊन राह्यली. जी येणार नाही ती पकडली जाणार. मी जितकं नाही म्हणत होते, तितका त्यांचा विश्वास पक्का होत होता की बाई मोठी हुशार आहे, हिच्यापासून जपून राहावं लागेल.

मग म्हटलं, भाषेपासून सुरू करू. जाहीर केलं की हॉस्टेलात गोरबोली बोला, गोंडी बोला, कोलामी बोला, मला चालते. त्या दिवशी हॉस्टेलात मराठीसुद्धा कोणी बोललं नाही. पाचवीतल्या एका पोरीच्या तोंडून खेळता खेळता एक शब्द निसटला. सगळं अंगण गपकन थांबलं आणि माझ्याकडे पाहू लागलं. पोरगी हुंदके देऊन रडायला लागली, "चुकून आलं मॅडम, चुकून आलं." तिला उचलून घेतलं तर लाकडासारखी कडक झाली. इतका राग आला मला. त्या बाईसाहेबांचा, सेक्रेटरीचा, आणि असल्या शांततेला डिसिप्लिन म्हणून हार घालणाऱ्या सगळ्यांचा.

फोटो काढल्याची बातमी सेक्रेटरी साहेबांपर्यंत पोचली. बोलावणं आलं.

"मॅडम, चालत्या कामात खोडा कायले घालता? दहावीचा निकाल पाहा. चोरी नाही, भांडण नाही. आधी पोरी पळून जायच्या. बाईसाहेबांच्या काळात एकही गेली नाही."

"साहेब, तुम्हाला नात हाय ना?"

"हाये. चौथीत."

"उद्या तिनं येऊन तुमची तक्रार केली तर?"

"माही कायची तक्रार करंल थे?"

"जमनाबाईलेही असंच वाटत होतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. सरिताची आई तिला होळीला काढून नेणार हे मी सांगितलं, तसे मिशांवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "ती पोरगी हॉस्टेल सोडून जाता कामा नये. हुशार पोरगी हाये, दहावीत संस्थेचं नाव काढंल. होळीपर्यंत तुमच्या मनासारखं करा. नाही जमलं तर फोटो वापस लावून द्या."

म्हणजे आता सरिता माझ्याही गळ्याशी बांधली गेली.

त्या रागाच्या भरात मी बाईसाहेबांना फोन केला. भांडायच्या तयारीनंच केला. त्या दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या हॉस्टेलवर गेल्या होत्या. मी नाव सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "सरिताला दूध देऊ नका हो, तिला पचत नाही. आणि पाचवीतली ती छोटी झोपेत चालते, तिला दाराजवळ झोपवू नका." माझं भांडण तिथंच अर्धं विरघळलं. पोरींवर माया होती त्या बाईची. नसती तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं की सरिताची आई तिला काढून नेत आहे, आणि का नेत आहे तेही.

"मी तर त्यांना वर काढलं," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमचं माहेर कुठलं?"

"बाभुळगावकडचं."

"घरी कसं बोलायचे?"

"आपलंच. मले, तुले. कॉलेजात गेले तर मुली हसायच्या. तोंड उघडलं की हसायच्या. तेव्हा ठरवलं, माझ्या हाताखालच्या एकाही मुलीवर कोणी हसणार नाही."

मी त्यांना चहाला बोलावून फोन ठेवला. त्या बाईनं पोरींवर कोणी हसू नये म्हणून एवढा पसारा मांडला होता, आणि पोरी हसायच्याच बंद झाल्या होत्या.

होळी जवळ आली. पुढच्या रविवारी जमनाबाई आली, पुन्हा लिंबाखाली बसली. सरिता तिच्यापासून हातभर दूर उभी राहून "अभ्यास चालू आहे, तब्येत बरी आहे" असं काहीतरी सांगून आत निघून गेली. मी जमनाबाईजवळ बसले. इकडचं तिकडचं बोलता बोलता होळीचा विषय निघाला. ती म्हणाली, मागल्या होळीला सरिता कानावर हात ठेवून घरात बसली होती, कारण बाहेर लेंगी चालू होती.

लेंगी म्हणजे तांड्यावर होळीला म्हणतात ती गाणी. डफ वाजतो, बायामाणसं फेर धरतात आणि गाण्यातून एकमेकांची टर उडवतात. दीर-भावजय, व्याही-विहीण, कोणालाच सोडत नाहीत.

"नायकालेही?" मी विचारलं. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, त्याचा शब्द शेवटचा.

"नायकाले तं आंधी," जमनाबाई म्हणाली. "अन् त्यानं राग नाई मानाचा. राग मानला तं तो कायचा नायक? ज्याले म्हटलं त्यानं गूळ वाटाचा, नाईतं उलटून जबाब द्याचा. पोरगी म्हनते, थे घान हाये. बाईसाहेबांनी सांगतलं."

महिनाभर मी जे शोधत होते ते हिच्या तांड्यावर दरवर्षी होळीला अंगणात नाचत होतं.

"जमनाबाई, लेंगी इथं म्हणता काय? हॉस्टेलात?"

"इथं? कोनाले म्हनू?"

"मले. मीच नायक समजा."

ती इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

कागदावर मी त्याला 'पालक मेळावा' म्हटलं. मेळावा म्हटलं की कोणी काही विचारत नाही. सुट्टी लागायच्या दिवशी दुपारी तांड्यावरच्या बाया टेम्पोत बसून आल्या, डफ घेऊन दोन म्हातारे आले. अंगणात सतरंज्या. सेक्रेटरी साहेबांना खुर्ची, मला खुर्ची, पोरी ओळीत. सरिता पहिल्या ओळीत, मान खाली.

डफ वाजला. बायांनी फेर धरला. जमनाबाई पुढे. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बाया माझ्याकडे हात करकरून म्हणत होत्या आणि फेरातल्या फेरात लोटपोट होत होत्या. मला कप्पाळ काही कळत नव्हतं. पण पोरींना कळत होतं. तांड्यावरच्या सगळ्या पोरींचे चेहरे पांढरेफटक पडले होते. काही काही जणी हसू फुटू नये म्हणून गालाच्या आतली बाजू चावून धरत होत्या.

आणि सरिता उठली. हात मागे, माझ्या खुर्चीजवळ आली.

"मॅडम, तक्रार आहे."

डफ थांबला. जमनाबाईचा हात हवेतच राहिला.

"कोणाची?"

"आईची. ती तुमच्याबद्दल वाईट बोलली."

"काय बोलली?"

सरितानं आईकडे पाहिलं.

"मले गोरबोली येत नाही. तू विश्वासू हाय ना? मग पूर्ण सांग. आधी ती जशी म्हणाली तसं, मग मराठीत. एक शब्द गाळू नको. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

तिला पेच पडला. नाही सांगावं तर सत्य लपवलं. सांगावं तर गोरबोलीत बोलावं लागणार, तेही साऱ्या हॉस्टेलसमोर. मला तिची फार कीव आली, एकदा वाटलं जाऊ द्यावं, पण मी नजर हटवली नाही. शेवटी तिने डोळे मिटले आणि आईनं म्हटलेली ओळ म्हटली. चाल नव्हती, नुसते शब्द. मग मराठीत म्हणाली, "मॅडमचा आवाज असा की हायवेवरचे ट्रक ब्रेक मारतात."

मी म्हटलं, "हे तं खरंच हाय. पुढं?"

"मॅडम स्कुटीवर बसल्या की स्कुटी... स्कुटी माहेरची आठवण काढते."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. मी इतकी हसले की खुर्ची करकरली, आणि त्यावर पोरी अजून हसल्या. मी गुळाची परात मागवली. ज्याला म्हटलं त्यानं गूळ वाटायचा, असा कायदाच होता.

"आणि साहेबांना काय म्हटलं?" मी विचारलं.

सरितानं साहेबांकडे पाहिलं. साहेब खुर्चीत ताठ झाले. ती आता थोडी भरभर सांगू लागली होती. "साहेबांच्या मिशा काळ्या, कानावरचे केस पांढरे. मिशा कोणाकडून मागून आणल्या?"

साहेबांचा हात मिशांकडे गेला आणि वाटेतच थांबला. ते चिडले असते तर सगळंच मुसळ केरात. बाया, पोरी, डफवाले, सारे त्यांच्याकडे पाहत होते. साहेबांनी एकदा घसा साफ केला. "माह्या घरी हेच म्हणतात," असं म्हणून ते गुळाच्या परातीकडे गेले. पाचवीतल्या त्या छोटीपासून त्यांनी स्वतःच्या हातानं गूळ वाटायला सुरुवात केली. मेळाव्यातलं त्यांचं तेवढंच भाषण, आणि आजवरचं सगळ्यात चांगलं.

मग जमनाबाईनं डफवाल्यांना खूण केली. ती आता माझ्याकडे पाहत नव्हती. पोरीसमोर उभी राहून, कंबरेवर हात ठेवून तिने लहानसं गाणं म्हटलं. बाया हसल्या, पण आधीसारख्या नाही.

"हे काय होतं?" मी सरिताला विचारलं.

ती सांगू लागली. सवयच होती. "माझी पोरगी फौजदार झाली. आईलाच धरून नेलं. नेलं तर नेलं, पण जाता जाता..." इथं ती अडली. खाली पाहून पुढे म्हणाली, "जाता जाता एकदा विचारलं नाही, याडी, तू जेवलीस का."

याडी म्हणजे आई. तो शब्द तिने मराठीत केला नाही.

मग एकदम मान वर करून आईकडे पाहत तिने काहीतरी उलट जबाब दिला. गोरबोलीत, आणि चालीत. दोनच ओळी. एका क्षणात सगळ्या बाया अशा काही हसल्या की एका डफवाल्याच्या हातातला डफ पडला. तांड्यावरच्या पोरी टाळ्या पिटू लागल्या. जमनाबाई तोंडावर हात घेऊन हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय म्हणाली तू?" मी विचारलं.

सरितानं माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, डोक्याच्या वर नाही, सरळ डोळ्यांत.

"ते नाही सांगत मॅडम."

ती ओळ मला आजतागायत कळलेली नाही. नंतर मी दुसऱ्या पोरींना विचारलं, त्यांनीही सांगितलं नाही. एवढ्या विश्वासू पोरी, पण एक फुटली नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कोणत्याही निकालानं झाला नाही.

संध्याकाळच्या आत टेम्पो भरला. जमनाबाई गेटपाशी उभी होती. सरिता पिशवी घेऊन आली, सगळी पिशवी, पांघरुणासकट. म्हणजे आईचा निश्चय कायम होता. अडवण्याचा हक्क मला नव्हता. "याडी, चाल," सरिता म्हणाली, आणि टेम्पो धूळ उडवत गेला.

होळी झाली, धुळवड झाली. एकेक पोरगी परत आली. सरिता नाही. साहेबांचा फोन आला, मी म्हटलं वाट पाहून राह्यली. कॉटवरची तिची गादी गुंडाळून ठेवायला मावशी निघाल्या, तर मी त्यांच्यावर उगाचच खेकसले.

मग एका दुपारी ऑफिसच्या दारात आवाज आला, "मॅडम, तक्रार आहे."

सरिता होती. पांघरूण काखेत. मागे गेटपाशी जमनाबाई पदरानं घाम पुसत होती. पोरगी परत आली म्हणून माझा जीव भांड्यात पडला, आणि तक्रार हा शब्द ऐकून पुन्हा उडाला.

"कोणाची?"

"तुमची."

"माही? काय केलं मी?"

हात मागे नव्हते. एक हात दाराच्या चौकटीवर होता.

"रविवारी भेटायला तुम्ही अर्धाच तास देता. माही याडी दोन बस बदलून येते. सकाळी निघते. अर्ध्या तासात पाणी पेऊन वापस जायचं, हे बरोबर नाही."

हा नियम बाईसाहेबांचा नव्हता. त्यांच्या काळात भेट तासभराची असायची. गेटवर गर्दी होते म्हणून मी आल्यावर तो अर्ध्या तासावर आणला होता. माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"बरोबर नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचं. ज्यांना पाहिजे त्यांनी पोरींसोबत जेवायचं."

ती जायला वळली. पुन्हा थांबली. "सगळ्यांच्या आयांनी?"

"सगळ्यांच्या."

ती धावत गेटकडे गेली आणि काय ते गोरबोलीत ओरडून सांगितलं. मला ऐकू आलं, कळलं नाही.

सगळंच सुधारलं असं मी म्हणणार नाही. दहावीतली एक पोरगी शेवटच्या पेपरापर्यंत तो बिल्ला ड्रेसच्या आतून लावायची. काही जणी जेवायला बसताना अजून त्या भिंतीकडे पाहतात, तिथं आता कॅलेंडर आहे. निकाल जरा घसरला, आवाज फार वाढला आणि पोरी भांडायला लागल्या. माझं डोकं पुन्हा उठतं. सेक्रेटरी साहेब कधी आले तर विचारतात, हे काय चाललंय मॅडम, बाजार भरला काय.

नव्या वॉर्डन ट्रेनिंगला येतात तेव्हा मला चार शब्द बोलायला लावतात. मी एवढंच सांगते. पोरी तक्रार कोणाची करतात ते पाहा. एकमेकींची आणि आईबापाची करत असतील तर तुमचं हॉस्टेल बिघडलेलं आहे, मग ते कितीही शांत असू द्या. तुमच्या तोंडावर तुमची करत असतील तर ठीक चाललंय. तेव्हा राग धरू नका. गूळ वाटा, आणि नियम बदला.